बुटका गडी लवकर मोडते का बे?

वाचक विचारतात

प्रश्न : भाऊ नमस्कार. आम्ही दोघं मित्र नागपूरच्या मिहानमध्ये रात्रपाळी करतो, अमेरिकेतल्या क्लायंटशी कामाआधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलावं लागते आणि त्या लोकांना क्रिकेट कळत नाही, म्हणून त्यांचं फुटबॉल बघायला लागलो आणि आता खरंच नाद लागून गेला. रविवारी रात्री साडेदहाला मॅच लावून बसतो, घरचे शिव्या देतात ते वेगळं. वाद असा आहे की कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग ५ फूट १० इंचच आहे. मित्र म्हणते, "एवढासा पोट्टा, ते दीडशे किलोवाले अंगावर पडले का मोडनच." मी म्हणतो उंचीचा न् मोडायचा काही संबंध नाही. पैज तर्री पोह्यावर लागली आहे. कोणाचं खरं?
– दोन मित्र, मनीषनगर

उत्तर : मित्रहो, पहिले तर "एवढासा" या शब्दावर माझा आक्षेप आहे. ब्राइस यंगचं वजन २०२३ मध्ये एनएफएल या तिकडच्या लीगमध्ये यायच्या आधी मोजलं तेव्हा साधारण ९२ किलो भरलं होतं. ५ फूट १० इंच आणि ९२ किलोचा माणूस आपल्या इथं सीताबर्डीवरून चालत गेला तर लोक बाजूला होऊन वाट देतील, आणि तिकडं तो बुटका! कारण त्याच्या आजूबाजूला जे उभे असतात ते साडेसहा फुटी दरवाजे असतात, त्यांच्यात उभा केला तर आपला कोणताही पहिलवान पोरगाच दिसणार.

ज्यांनी हा खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावाला बॉल हातात घेऊन कुठं फेकायचा ते ठरवणारा गडी, आणि समोरच्या टीमचं पहिलं काम म्हणजे त्यानं फेकायच्या आत त्याला लोळवणं. तसं लोळवलं की त्याला सॅक म्हणतात. म्हणजे कबड्डीतला रेडर समजा, फरक एवढाच की कबड्डीत वरच्या पातळीवर पुरुषांना ८५ किलोची मर्यादा असते, कुस्तीत वजनगट असतात, आपले खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकले ते बँटमवेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वजनाच्या गड्यांशी लढून. अमेरिकन फुटबॉलमध्ये असं काहीच नाही. ९२ किलोवाल्यावर १४० किलोवाला धावत येऊ शकतो आणि रेफरी त्यात काही चूक मानत नाही. त्यामुळे तुमच्या मित्राला जी भीती वाटून राहिली ती उगाच नाही, पण ती उंचीची नाहीच मुळी, ती वजनाची आहे आणि या दोन गोष्टींची तो खिचडी करून राहिला.

आता वजनाचं गणितच करून बघू, शाळेतलं आहे, घाबरू नका. समजा १३० किलोचा गडी सेकंदाला ६ मीटर वेगानं आला आणि उभ्या असलेल्या ९३ किलोच्या क्वार्टरबॅकला कवळा घालून घेऊन गेला, तर दोघं मिळून साधारण साडेतीन मीटर वेगानं मागं जातील. तोच गडी ११० किलोच्या धिप्पाड क्वार्टरबॅकवर आला तर सव्वातीन. झाला फरक! सतरा किलो जास्त मांस लावून धक्का सात टक्क्यांनी कमी झाला, आणि या हिशोबात उंची कुठं आलीच नाही. उलट उंची आणायचीच म्हटली तर ६ फूट ५ इंचवाल्याचं डोकं जमिनीपासून जास्त वर असते, उभ्याचा आडवा होताना ते आपटते पण चार-पाच टक्के जास्त वेगानं. म्हणजे इकडून कमावलं ते तिकडून गेलं. याच्यापेक्षा कितीतरी मोठा फरक, येणारा गडी दिसला होता की नाही, यानं पडते. दिसला तर माणूस अंग चोरतो, हनुवटी छातीला लावतो, बॉल पोटाशी घेतो. मागून आला तर मान झटक्यानं जाते आणि मग तुम्ही ९० किलोचे असा की ११०.

बरं, मैदानावर काय झालं ते बघा. यंग पहिल्याच वर्षी, २०२३ ला, ६२ वेळा सॅक झाला. बासष्ट! त्याला वाचवायला पुढं उभ्या राहणाऱ्या गड्यांची भिंत इतकी गळकी होती की टीम सतरातल्या दोनच मॅच जिंकली. आणि एवढा मार खाऊन त्याची मॅच किती चुकली तर एक, घोट्यामुळं. त्याच्या आधीच्या पिढीतला रसेल विल्सन, ५ फूट ११ इंच, २०१२ ला टीमा नवीन पोरं निवडत होत्या तेव्हा तिसऱ्या फेरीपर्यंत कोणी घेतला नाही त्याला, मुख्य कारण उंची, आणि तो पहिली नऊ वर्षं एकही मॅच न चुकवता खेळला, मधात सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून घेतला. दहाव्या वर्षी, २०२१ ला, बसावं लागलं ते कशानं? बॉल फेकताना उजव्या हाताचं मधलं बोट समोरच्याच्या हातावर आपटलं. ६ फुटी ड्रू ब्रीस, तोही बुटक्यांच्याच यादीतला, त्याचा अंगठा २०१९ ला तसाच गेला. आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळी समोरचा हात एकाच माणसाचा होता, आरन डोनाल्ड, जो स्वतः ६ फूट १ इंच म्हणजे त्याच्या जागेसाठी बुटकाच समजला जायचा. बुटक्यांनीच बुटक्यांची बोटं मोडली असं म्हणा पाहिजे तर.

आता धिप्पाड पाहा. अँड्र्यू लक, ६ फूट ४ इंच, १०९ किलो, कागदावर असा क्वार्टरबॅक शोधून सापडत नाही. बरगड्या, किडनीला मार, डोक्याला मार, खांदा असा गेला की २०१७ चं अख्खं वर्ष बाहेर, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २९ व्या वर्षी रिटायर. कॅम न्यूटन, ६ फूट ५ इंच, अंगानं रणगाडा, त्याच्या खांद्यानं त्याला संपवलं. आरन रॉजर्स २०२३ ला नवीन टीममध्ये आला, ६ फूट २ इंच, चौथ्याच डावाला टाचेची शीर तुटली आणि वर्ष खल्लास. यातल्या एकाच्याही बाबतीत कोणी म्हणालं का की उंच होता म्हणून मोडला? नाही, तिथं म्हणतात नशीब. आणि बुटका पडला की लगेच, सांगत होतो ना, साइजच नाही त्याला. माझा सगळा राग याच्यावर आहे.

राग असायला कारण आहे, सांगूनच टाकतो. मी स्वतः ५ फूट ४ इंच, खेळायचो तेव्हा ५६ किलो, रेडर. समोरचे कोपरारक्षक माझ्या दीडपट, ते अंगावर पडायचे, मुका मार इतका की रात्री कुशीवर झोपता यायचं नाही, आई हळदीचा लेप लावून लावून थकली, पण मोडलं काहीच नाही. गुडघा गेला तो सरावाला, मुरमाच्या ग्राउंडवर, एकटाच बोनस लाइनजवळ वळत होतो, कोणाचं बोटही लागलं नव्हतं. कट्ट असा आवाज आला आणि खाली बसलो. आणि दवाखान्यात बघायला आलेला प्रत्येक माणूस काय म्हणाला असेल? "तुझी साइजच नाही रे या खेळाची." अहो पण मला कोणी पाडलंच नव्हतं! म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायलर मरे पडला तेव्हा मला फार वाईट वाटलं. तेव्हा ॲरिझोनाकडून खेळणारा हा पोरगा पण ५ फूट १० इंच. मॅच सुरू होऊन तिसराच डाव, हा एकटा पळून राहिला होता, पाय टाकला आणि गुडघ्यातला लिगामेंट गेला, ज्याला आपल्याकडं आता सगळेच एसीएल म्हणतात. कोणी धक्का दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची, तर साइजची.

मग साइजचा काहीच संबंध नाही का? इथं मी तुम्हाला पण पैज पूर्ण जिंकू देणार नाही. संबंध आहे, पण फिरून येतो. क्वार्टरबॅकच्या पुढं पाच धिप्पाड लोक भिंत करून उभे असतात आणि त्याला त्यांच्या पलीकडचं बघायचं असते. ६ फूट ५ इंचवाला जागेवर उभा राहून बघतो. ५ फूट १० वाल्याला फटीतून बघावं लागते, किंवा मग बाजूला पळून उघड्यावर यावं लागते. गर्दीत रामनवमीची शोभायात्रा बघताना आपण बुटके लोक काय करतो तेच, टाचा उंच करा नाहीतर सरकत सरकत कोपरा गाठा. आता जो उघड्यावर येतो तो बॉल जास्त वेळ हातात ठेवतो, त्याच्यावर येणारे लोक लांबून वेग घेऊन येतात, आणि भिंतीजवळ नुसती ढकलाढकली होते त्याऐवजी इथं पूर्ण वेगाची टक्कर होते. म्हणजे बुटकेपणानं हाड कच्चं होत नाही, बुटकेपणानं खेळायची पद्धत बदलते आणि त्या पद्धतीत मार जास्त बसू शकतो. बसू शकतो म्हणालो, बसतोच असं नाही. ब्रीसनं यावर तोड काढली होती, पळायचंच नाही, भिंतीच्या आतच अर्धा अर्धा पाऊल सरकत फट शोधायची आणि बॉल इतक्या लवकर सोडायचा की येणारा पोचला तेव्हा हात रिकामा. त्याचा खांदा २००५ च्या शेवटच्या मॅचला फार वाईट फाटला होता, तोही फेकताना नाही, हातून सुटलेला बॉल जमिनीवरून घ्यायला गेला तेव्हा. त्यातून उठून न्यू ऑर्लीन्सला गेला, फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल जिंकला आणि चाळिशी उलटल्यावर थांबला.

दुसरी तोड म्हणजे पडता येणं. विल्सन आणि मरे दोघं पण बेसबॉलवाले, इतके की दोघांनाही बेसबॉलच्या टीमनी निवडलं होतं. बेसबॉलमध्ये लहानपणापासून घसरत बेस गाठायची सवय असते, आणि फुटबॉलमध्ये नियम असा की क्वार्टरबॅक पळता पळता पाय पुढं करून घसरला की डाव तिथंच संपला, त्याला मारायचं नाही. ज्याला हे वेळेवर जमते त्याचे वर्षातले कितीतरी धक्के वाचतात, आणि ज्याला मोह आवरत नाही त्याचं काय होते ते मायामीकडून खेळलेल्या टुआ टॅगोवायलोआकडं बघा. हा साधारण ६ फूट. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये दीडशे किलोच्या गड्यानं त्याला गरकन फिरवून आपटलं, डोकं मागून जमिनीला लागलं, हाताची बोटं वाकडी होऊन ताठली, ज्यांनी लाइव्ह बघितलं त्यांच्या पोटात गोळा आला असेल. चार दिवस आधीच्या मॅचमध्ये पण तो उठताना झोकांड्या खात होता, त्यावर एवढा गदारोळ झाला की लीगला मेंदूच्या माराचे नियम बदलावे लागले, आता तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत खेळवायचं नाही. मग या पठ्ठ्यानं सुट्टीत काय केलं तर जुजुत्सूचा क्लास लावला, फक्त पडायचं कसं ते शिकायला, आणि २०२३ ला सगळ्या सतरा मॅच खेळून लीगमध्ये सगळ्यात जास्त पासिंग यार्ड, म्हणजे बॉल फेकून कमावलेलं अंतर, काढले. उंची तीच. आणि २०२४ ला पळताना घसरायचं सोडून डोकं खाली घालून समोरच्याच्या छातीत घुसला. परत डोक्याला मार, परत बाहेर. याच्यात इंच कुठं मोजायचे सांगा.

आणि नुसतं नशीब पण असतेच. वॉशिंग्टनचा जो थाइजमन, ६ फूट, १८ नोव्हेंबर १९८५ ला उजव्या पायाच्या गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, परत कधी खेळला नाही. बरोबर तेहतीस वर्षांनी, १८ नोव्हेंबर २०१८, तीच टीम, अॅलेक्स स्मिथ, उजवाच पाय, तीच दोन्ही हाडं, आणि मॅचचा स्कोअर पण दोन्ही वेळा २३-२१. स्मिथ चार इंच उंच होता, काय उपयोग झाला? सतरा ऑपरेशनं झाली त्याची, पाय वाचतो की नाही अशी वेळ आली होती, तरी २०२० ला तो परत मैदानात उतरला. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं त्या तारखेला दोघांनाही घराबाहेर पडू दिलं नसतं.

पैजेचं असं करा, पोह्याचे पैसे मित्रानं द्यावे आणि वरचा चहा तुम्ही पाजावा. तो डोकं आणि मानेबद्दल थोडा खरा आहे, तिथं सात टक्के पण सातच असतात आणि असे धक्के वर्षभर साठत जातात. पण "मोडनच" म्हणाला ना, तो च त्याला महागात पडला.

प्रश्न : नमस्कार सर, माझी मुलगी अकरावीत आहे, ४ फूट ११ इंच उंची आणि वजन ४२ किलो. कॉलेजच्या पोरींनी फ्लॅग फुटबॉल सुरू केलं आहे आणि हिचा हात चांगला आहे म्हणून हिलाच क्वार्टरबॅक केलं. सासूबाई रोज म्हणतात हातपाय मोडून घेशील, एवढीशी तर आहेस. मोबाइलवर तो खेळ बघितला तर मलाही धडकी भरली. पाठवू की नको?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, तुम्ही मोबाइलवर जे बघितलं तो वेगळा खेळ आणि तुमची मुलगी खेळते तो वेगळा. सासूबाईंना जवळ बसवून हे वाचून दाखवा. फ्लॅग फुटबॉलमध्ये कोणी कोणाला पाडतच नाही. कमरेला पट्टा असतो, त्याला दोन्ही बाजूला फडकी लटकवलेली असतात, समोरच्या पोरीनं त्यातलं एक फडकं ओढलं की डाव संपला. अंगाला धरणं, ढकलणं हा फाउल. हेल्मेट नाही, खांद्याचे पॅड नाहीत, कारण गरजच नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, पुरुषांचा पण आणि महिलांचा पण, पाच-पाच जणींची टीम. हा निर्णय झाला ती बैठक कुठं होती माहीत आहे का, आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याच बैठकीत क्रिकेट पण ऑलिंपिकमध्ये घेतलं म्हणून पेपरात सगळं क्रिकेटचंच आलं आणि बिचारं हे कोपऱ्यात राहून गेलं.

इथं बुटकं असणं तर फायद्याचंच आहे बरं का, कमरेचं फडकं जितकं खाली तितकं समोरचीला जास्त वाकावं लागते, आणि लहान अंगाची पोरगी गर्रकन वळते. अडचण एकच, समोर उंच पोरगी हात वर करून आली तर पलीकडचं दिसत नाही, तर तिला सांगा की जागेवर उभी राहून उड्या मारत बसू नको, दोन पावलं बाजूला हो आणि मोकळ्या जागेतून फेक.

लागत काहीच नाही असं मी म्हणणार नाही. बोटं मुरगळतात, घोटा लचकतो, दोघी एकाच बॉलकडं बघत पळाल्या तर डोक्याला डोकं लागते. आणि गुडघा, तो माझ्यासारखा एकट्यानं पण जातो, आणि मुलींच्या बाबतीत वळता-थांबताना एसीएल जायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे हे डॉक्टर लोक कधीपासून सांगून राहिले. म्हणून उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का ते एकदा समोर उभं राहून बघा, वळत असतील तर मांडीच्या आणि पार्श्वभागाच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी झालेच पाहिजेत, एका पायावर उभं राहणं, एका पायावर हळू बसणं, उडी मारून आवाज न करता उतरणं. कंटाळवाणं आहे, ती करणार नाही, तुम्ही पण सोबत करा.

आणि मला तिच्या उंचीपेक्षा ग्राउंडची जास्त काळजी आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, काळी माती तडकून त्यात बोटभर भेगा पडतात, त्या भेगेत पाय गेला तर ४२ किलो काय न् ९२ किलो काय. सकाळी सात-साडेसातच्या आत खेळ आटपा, खेळायच्या आधी पोरींनी एकदा सगळ्या ग्राउंडवरून चालत जाऊन गोटे न् काचा उचलाव्या. आणि खेळताना अंगठी, कानातले, बांगडी काही नको, फडकं ओढताना बोट अंगठीत अडकून सोललेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, ते परत आठवायची इच्छा नाही. पाठवा बिनधास्त.

प्रश्न : भाऊ, मी १९ वर्षांचा, ५ फूट ६ इंच, ५८ किलो. मित्रांसोबत टॅकलवालं, म्हणजे पाडापाडीचं, फुटबॉल खेळतो. उंची तर वाढणार नाही, मग वजन ७५ वर नेलं तर मार कमी लागेल का?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : कुठलं वजन, त्यावर आहे. वरचं गणित वाच, सतरा किलोनं धक्का किती कमी झाला ते बघ, आणि ते पण ते सतरा किलो तुला घेऊन पळता आले तर. सावजी रस्सा न् रोट्या हाणून पोट वाढवलं तर तू हळू होशील आणि जो हात आज चुकवतो तो उद्या लागेल. मान, खांदे, कंबर, मांड्या भर, वर्षाला चार-पाच किलोच्या हिशोबानं, मान तर नक्की, कारण झटका तीच सांभाळते. पण तुझ्या पत्रातली दुसरीच गोष्ट मला खटकली. हेल्मेट आणि पॅड आहेत का तुम्हा मित्रांकडं? त्याबद्दल एक शब्द नाही. नसतील तर टॅकल बंद करा, आजपासून, आणि बाजारातून दहा पट्टे आणा, फडकी घरी आईच्या जुन्या ओढणीतून निघतात.